काळ्या घोडीची नाल

आधीच सांगून टाकते, म्हणजे खाली कमेंटमध्ये वाद नको. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. नव्हता, आजही नाही. आमच्याकडे जिन असतात, तुमच्याकडे मुंजा असतो, मला दोन्ही सारखेच. शाळेत असताना उशीर झाला की मी कब्रस्तानातून शॉर्टकट मारायचे आणि एकदाही कोणी माझं नाव विचारलं नाही. त्यामुळे "ताई, भास झाला असेल" हे टाइप करायचे कष्ट कृपा करून घेऊ नका. भासाची शक्यता मी तुमच्या आधी तपासली आहे, आणि तुमच्यापेक्षा जास्त नेटाने तपासली आहे.

आणि हो... रात्र नव्हती. अमावस्या नव्हती, कुत्री रडत नव्हती. जानेवारीतला रविवार, दुपारचे सव्वातीन. लाइट होती. जुन्नरमधलं आमचं घर, पहिला मजला, खिडकीतून शिवनेरीची बाजू आणि शेजाऱ्यांच्या वाळत घातलेल्या चादरी दिसत होत्या. स्वयंपाकघरात अम्मी मेथी निवडत होती.

मी रेहाना. आळेफाट्याजवळच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. या फोरमवर मी गेम्सबद्दल लिहिते हे जुन्या मंडळींना माहीत आहे. नव्यांपैकी कोणाला "बाई माणूस आणि तलवारीचे गेम?" असं वाटलं असेल, तर त्यांनी माझे मागचे लेख वाचावेत आणि मग एखाद्या रविवारी समोर बसावं. बघू कोण किती वेळ टिकतं.

तर त्या रविवारी मी एका नव्या गेमचं 'पहिलं मत' लिहायला बसले होते. मध्ययुगातलं युद्ध आणि डावपेच असा गेम, अजून अर्धाच तयार, पण खेळायला खुला केलेला. तुम्ही एक छोटे सरदार. वीस माणसं, एक पडकी गढी आणि एक घोडा. लढायचंही स्वतः आणि हुकूमही स्वतःच सोडायचे. आठ तासांत माझं मत बऱ्यापैकी ठरलं होतं. तलवार हातात आल्यावर वजन जाणवतं — वार चुकला तर तोल जातो, आणि समोरचा तेवढ्यात तुमचं काम करतो. हे मला लई आवडलं. ढालीचं टायमिंग मात्र भिकार. आणि आपले सैनिक म्हणजे लग्नातले वऱ्हाडी, चला म्हटलं की उभे राहतात, थांबा म्हटलं की पळतात. टेकडी कोणाच्या ताब्यात, दाणागोटा कुठून येतो, हा नकाशावरचा भाग झकास. नोट्समध्ये मी लिहिलं होतं, "घोडदळ फारच दमदार, पण घोड्याचे पाय बर्फावरून घसरल्यासारखे दिसतात."

हे शेवटचं वाक्य दुसऱ्या कोणी लिहिलं नसतं. मी लिहिलं, कारण मी नालबंदाची पोरगी आहे.

माझे अब्बा चाळीस वर्षं नालबंदी करत होते. बैलांना पत्री, घोड्यांना नाल. जुन्नर आणि आंबेगाव, दोन्ही तालुक्यांतून लोक जनावरं घेऊन यायचे. शाळा सुटली की मी त्यांच्याजवळ पोत्यावर बसून अभ्यास करायचे, म्हणून त्यांची प्रत्येक लकब मला पाठ आहे. नाल मारण्याआधी ते हातोडीच्या मागच्या बाजूने खुरावर तीनदा टकटक करायचे आणि कान खाली न्यायचे. खूर आतून दुखरं असेल तर आवाजात कळतं म्हणायचे. दुसरी गोष्ट — नालेला आठ भोकं असतात, चार बाहेरच्या बाजूला, चार आतल्या. अब्बा खिळे सातच मारायचे. आतल्या बाजूचं टाचेजवळचं भोक रिकामं सोडायचे, कायम. तिथं खूर पातळ असतं, खिळा थेट कच्च्यात, म्हणजे जिवंत भागात जायची भीती. नाल ते स्वतः घडवायचे आणि डाव्या पायाच्या नालेवर कानशीने एक बारीक खाच पाडायचे.

आमच्याकडची बैलगाडा शर्यत ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. चार बैल गाडा घेऊन घाटात, म्हणजे चढावर आखलेल्या धावपट्टीवर सुटतात, आणि त्यांच्या पुढे एक घोडी पळते. वर घोडेस्वार. बैल तिच्या मागे वेडे होऊन धावतात. मध्ये बरीच वर्षं शर्यती बंद होत्या. त्या पुन्हा सुरू झाल्या, त्याच्या पुढच्या वर्षीची ही गोष्ट. पिंपळवंडीच्या बाळाशेठची काळी घोडी घाटात अर्ध्यावर पुढच्या डाव्या पायावर कोसळली. नाल निखळून बाजूला पडली. स्वार होता आळ्याचा संतोष, तिशीतला गडी. मागून चार बैल आणि गाडा त्याच्यावरून गेला. जीव वाचला, पण कंबर कायमची गेली. आणि बाळाशेठने तिथल्या तिथे माईक हातात घेऊन सांगितलं, "जुन्नरच्या नालबंदानं हलगर्जी केली. नाल नीट मारली न्हाई."

एवढं पुरलं. संतोषची आई आमच्या दारात येऊन जे बोलली ते मी इथे लिहिणार नाही, तिचा मुलगा पडला होता. पण बाकीचे? चाळीस वर्षं ज्यांची जनावरं अब्बांच्या हाताखालून गेली, ते रस्ता बदलून जायला लागले. अब्बांनी बाळाशेठला निरोप धाडला, "एकदा ती नाल दाखवा." उत्तर आलं, "फेकली कुठंतरी." अब्बांनी हत्यारं पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि पुन्हा हात लावला नाही. मला म्हणाले, "हात चुकला असंल माझा. वय झालं." मी भांडले त्यांच्याशी. रडले, ओरडले. त्यांचं एकच, "नाल बघितली असती तर कळलं असतं गं." दीड वर्षापूर्वी ते गेले. चूक आपलीच, असं समजून गेले. याचा मला जो राग आहे तो शब्दांत मांडायला गेले तर हा फोरम मला काढून टाकेल.

आता त्या रविवारकडे येते.

लढाई हरून मी छावणीत परत आले होते. गेममध्ये छावणीत शोभेची माणसं असतात. एक भाकरी भाजतो, एक लाकडं फोडतो, तेच तेच करत राहतात. कोपऱ्यात एक लोहार घोड्याचा पाय दोन गुडघ्यांत धरून नाल मारत होता. मी मुद्दाम जवळ गेले, चुका काढायला. लालसर दाढी, चामड्याचा ॲप्रन, अगदी परदेशी माणूस. अब्बांसारखं त्याच्यात काही म्हणजे काही नव्हतं.

त्याने हातोडी उलटी केली, खुरावर तीनदा टकटक केलं आणि कान खाली नेला.

मी माउस सोडला. म्हटलं, ठीक आहे, जगात सगळे नालबंद करत असतील. मग तो खिळे मारायला लागला. मी मोजले. बाहेरून चार. आतून तीन. आठवं भोक तसंच सोडलं. हेही ठीक, तिकडेही लोक सातच मारतात, नंतर मी वाचलं ते. मग त्याने मान वर केली. सरळ माझ्याकडे. आणि म्हणाला—

"आठवा... माझा न्हाई."

मराठीत. अब्बांच्या आवाजात. तो घसा, ती 'झा'वरची खरखर, तंबाखू सोडल्यानंतरही राहिलेली. मग मान खाली, आणि पुन्हा नेहमीचं ठोकणं सुरू. मला घाम फुटला नाही, किंकाळी निघाली नाही, काही नाही. मला भयंकर राग आला. कोण माझी थट्टा करतंय, असं वाटलं.

तेवढ्यात अम्मी दारात. हातात मेथीची जुडी. "किसका व्हिडिओ लगाई तू? अब्बा का है क्या? फिर से लगा ना."

हे नीट वाचा. मी हेडफोन घातले नव्हते, स्पीकर चालू होते, आणि आवाज स्वयंपाकघरात अम्मीनेही ऐकला. मी तिला काहीही सांगायच्या आधी. अब्बांचा असा कुठलाच व्हिडिओ आमच्याकडे नाही. मोबाइल समोर धरला की ते तोंड फिरवायचे.

पुढचे चार दिवस मी तपास केला. लेखासाठी मी खेळताना रेकॉर्डिंग करतेच. ते लावलं. लोहार आहे, घोडा आहे, माझा कर्सर थांबलेला आहे, पण आवाज फक्त ठोकण्याचा आणि वाऱ्याचा. त्यात तो टकटक करत नाही, मान वर करत नाही. शेजाऱ्यांकडे टीव्ही लागला होता का विचारलं. ते राजुरीला लग्नाला गेले होते, घराला कुलूप. गेम बनवणाऱ्यांना मेल केला. त्यांचं सभ्य उत्तर आलं, की त्या लोहाराला एकही संवाद दिलेला नाही. आणि एक ओळ जास्तीची — तुम्ही म्हणता ती भोकं आम्हाला कळली नाहीत, आमच्या नालेला भोकं नाहीतच. मी गेम पुन्हा उघडला, कॅमेरा अगदी खुराला टेकवला. खरंच. सपाट राखाडी तुकडा. मग मी काय मोजलं होतं? बोला ना आता, भासवाले!

गुरुवारी संध्याकाळी अम्मी चपात्या लाटत होती. मी ओट्याला टेकून म्हणाले, "अम्मी, त्यांना काय आठवायला सांगायचं होतं गं? 'आठवा, माझा नाही.' काय आठवा?"

अम्मीचं लाटणं थांबलं. "तेरे को बोले ना?"

"मग आणि कोणाला?"

"मग 'आठवा' क्यूँ बोलेंगे?" अम्मी म्हणाली. "गिऱ्हाईकाला म्हणायचे, आठवा, बसा, सांगा. तू तर पोटची पोरगी. तेरे को 'आठव' बोलते. कधी तुला अहो-जाहो केलं त्यांनी?"

नाही केलं. जन्मात नाही. मी तशीच उभी राहिले. चार दिवस मी मराठी माणूस असून एका शब्दावर फसले होते. ते मला काही आठवायला सांगतच नव्हते. ते खिळे मोजत होते. आठवा. आठवा खिळा. आठवा माझा नाही!

"अम्मी, अंगावर घ्यायची चादर काढून ठेव," मी म्हटलं. "सकाळी पिंपळवंडीला जायचंय."

कॉलेजला रजा टाकली. अम्मीला स्कूटीवर मागे बसवलं. ऊस तोडणीला आलेला होता, रस्ताभर ट्रॅक्टर. मनात काही ठरलेलं नव्हतं. नाल तर फेकून दिलेली होती. मला फक्त त्या माणसाच्या तोंडावर विचारायचं होतं.

बाळाशेठ गोठ्यासमोर बाजेवर बसले होते. साठीचे, बनियनवर. आम्हाला बघून क्षणभर ओळख पटली नाही, मग चेहरा बदलला. पण रीत सोडली नाही. "या, पावणं. बसा. आगं, च्या टाक गं," असं घरात ओरडून सांगितलं.

"चहा नंतर, काका," मी म्हटलं. "तुमच्या घोडीच्या पुढच्या डाव्या पायाला, त्या दिवशी, खिळे किती होते?"

"आता हे काय इचारनं झालं? इतक्या दिसांनी कसं सांगू मी?"

ते बोलत होते आणि माझी नजर त्यांच्या डोक्यावरून मागे गेली. गोठ्याच्या दाराच्या चौकटीला, तारेने बांधलेली, हळदी-कुंकू वाहिलेली एक नाल. तुम्हाला माहीत असेल, काळ्या घोड्याची नाल, त्यातही आपोआप निखळलेली, दाराला बांधली की इडापिडा टळते म्हणतात. लोक अशी नाल शोधत फिरतात. कोणी फेकत नाही. हे मला आधी का नाही सुचलं! अब्बांना का नाही सुचलं!

"फेकली होती ना?" मी म्हटलं.

"न्हाई म्हंजी... काळ्या घोडीची व्हती. फेकवंना मला."

मी प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि वर चढले. कुंकू पदराने पुसलं. डाव्या पायाची खाच, अब्बांच्या कानशीची. आठही भोकांत मोडक्या खिळ्यांचे तुकडे अडकलेले होते. सात सारखे, चपट्या डोक्याचे, नालबंदाचे. आणि आतल्या बाजूला, टाचेजवळ, आठवा. गोल डोक्याचा, जाड. सेंट्रिंगच्या फळ्यांना मारतात तो खिळा.

मी तार सोडली, नाल खाली आणली आणि बाळाशेठच्या पुढ्यात बाजेवर ठेवली. बोट त्या खिळ्यावर. "हा कोणाचा?"

आतून चहा आला, कोणी घेतला नाही.

"शर्यतीच्या दिशी सकाळी घोडी धुताना बगितलं," ते म्हणाले. "येक भोक रिकामं. मला वाटलं, म्हातारा इसारला. येका खिळ्यासाठी जुन्नरला कुठं जायचं? मारला घरीच."

"आणि घोडी?"

"पाय झाडत व्हती जरा. म्हनलं, अंगात रग हाय, चांगली पळंल."

इथे मी खूप वाईट बोलले. वयाचा मान ठेवला नाही. ठेवायचाही नव्हता. ते खाली बघून ऐकत राहिले. "मानसं जमली, पोरगं पडल्यालं, माईक हातात... तोंडातनं निघून गेलं," म्हणाले.

"त्या दिवशी निघून गेलं. आणि नंतर अब्बांनी नाल मागितली तेव्हा?"

तेव्हा अम्मी बोलली. आल्यापासून पहिल्यांदा. अगदी शांत, मराठीत. "शेठ, आमचे हे दवाखान्यात शेवटी झोपेत खिळे मोजायचे. सातपर्यंत यायचे. मग परत पहिल्यापासून. मी म्हणायची, बरोबर आहेत हो, झोपा. त्यांना पटायचं नाही."

बाळाशेठ रडले. मोठा माणूस हमसून रडला. मला दया आली नाही, खोटं कशाला बोलू? ते म्हणाले, घरी येतो, वहिनींची माफी मागतो, कबरीवर फुलं वाहतो. मी म्हटलं, फुलं नकोत. घाटात माईकवर बोललात, घाटात माईकवर सांगायचं. ते म्हणाले, "पोरी, गावात त्वांड कसं दाखवू?" मी म्हटलं, "अब्बांनी कसं दाखवलं असेल, तसं." आणि नाल पिशवीत टाकून आम्ही निघालो.

चैत्रातल्या यात्रेला दोन गाड्यांच्या मधल्या वेळात बाळाशेठ माईकवर आले. मी आणि अम्मी कडेला उभ्या होतो. चारच वाक्यं बोलले. खिळा मीच मारला, चूक माझी, नालबंदाचा दोष नव्हता, मला माफ करा. निम्म्या लोकांनी ऐकलंही नाही, भेळ खात होते. पण बांधावर काठी घेऊन बसलेल्या संतोषने ऐकलं. तो उठला, त्याला उठायला वेळ लागतो, आणि आमच्याकडे चालत आला. अम्मीला म्हणाला, "चाची, आमच्या आईनं तुमच्या दारात येऊन बोलायला नको व्हतं." अम्मीने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला.

गेमचा लेख राहिला तो राहिलाच. मी त्या छावणीत नंतर पन्नास वेळा तरी गेले असेन. लोहार ठोकत असतो, मान वर करत नाही. मध्ये एक मोठा अपडेट आला. आता ढालीचं टायमिंग सुधारलं आहे, सैनिक थोडे शहाणे झाले आहेत. लोहार तसाच.

स्पष्टीकरण? नाही. मी शोधलं, मला मिळालं नाही, तुम्हाला मिळालं तर सांगा, मी ऐकेन. माझ्या कॉलेजातल्या एका सरांचं म्हणणं, की आठवा खिळा दुसऱ्याच कोणी मारला असेल हा अंदाज माझ्या डोक्यात आधीपासून असणार, त्याचाच मला आवाज ऐकू आला. बरं. मग अम्मीने काय ऐकलं? तर म्हणे, दोघी एकाच दुःखात होतात. शिकलेला माणूस आहे, चांगला माणूस आहे. मी त्यांच्याशी दोन तास वाद घातला. हरले असते तरी चाललं असतं मला, एक गोष्ट सोडून.

तो आवाज खोटा असेल, माझ्याच मनातून आलेला असेल, तर अब्बांना ते कधीच कळलं नाही. तर ते सातपर्यंत मोजता मोजताच गेले, आपला हात चुकला असं धरून. आणि हे मी मान्य करणार नाही. तुम्ही सगळे मिळून सांगितलंत तरी नाही.